साहेबांच्या तुरुंगवासाचं कार्ड

तिसऱ्या दिवशी मी सगळी कार्डं पुन्हा पहिल्यापासून लावली. तरी मंत्रिसाहेब जानेवारी त्रेचाळीसमध्ये दोन ठिकाणी निघाले.

एका कार्डावर होतं : बंगळूरचा तुरुंग, ऑगस्ट बेचाळीस ते मे त्रेचाळीस, स्थानबद्ध. आधार, तुरुंगाच्या रजिस्टरातला उतारा. दुसऱ्या कार्डावर होतं : जन्मगावची शाळा, जानेवारी त्रेचाळीस, कमिटीच्या तीन बैठकांना हजर, अध्यक्ष म्हणून सही. आधार, शाळेचं मिनिट बुक. दोन गावांत तीनशे मैलांचं अंतर. दोन्ही कागद अस्सल. सही साहेबांचीच, ती मी रोज फाईलींवर बघत होते.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. सरकारी माहिती जिथे गोळा होते अशा बंगळुरातल्या एका कचेरीत मी रेफरन्स असिस्टंट होते. कुणी मंत्री कुठे बोलायला जाणार असला, कुणाचा सत्कार असला, कुणी वारलं, की त्या माणसाची माहिती आमच्याकडून जायची. माहिती म्हणजे कार्डं. एका घटनेला एक कार्ड. वर तारीख, मध्ये घटना, खाली आधार, म्हणजे हे कुठल्या कागदावरून घेतलं ते. कार्डं तारखेप्रमाणे लावली की माणसाचं आयुष्य आपोआप उभं राहतं. त्याला आम्ही क्रोनॉलॉजी म्हणायचो. मला हे काम आवडायचं. घरीसुद्धा मी वाण्याची यादी, दुधाची यादी आणि मुलांच्या पुस्तकांची यादी वेगवेगळी ठेवते. माझे यजमान विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. ते म्हणतात, तुझ्या याद्यांचीही एक यादी कर. ती आहे.

त्या वर्षी आमच्या एका मंत्र्यांची षष्ट्यब्दी होती. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणत, मीही इथे तेच म्हणते. सीमेकडच्या जिल्ह्यातले. शाळा मराठीत झालेली, वकिली बंगळुरात. साठीनिमित्त गौरवग्रंथ निघणार होता आणि त्यातली पहिली वीस पानं, ‘जीवन आणि कार्य’, आमच्या कचेरीकडे आली होती. मराठी कागद बरेच होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. प्रेसला शनिवारी मजकूर द्यायचा होता. तो दिवस मंगळवारचा.

आधी मला वाटलं, चूक माझीच. एखादं कार्ड चुकीच्या वर्षात गेलं असेल. तसं नव्हतं. मग वाटलं, साहेबांना मध्ये पॅरोलवर सोडलं असेल. मी तुरुंगाच्या कचेरीला विचारलं. त्यांनी कळवलं, नाही, एक दिवसही नाही. मग वाटलं, त्याच नावाचा दुसरा कुणी असेल. वडिलांचं नाव पाहिलं, गाव पाहिलं, धंदा पाहिला. वकील. सगळं जुळत होतं.

मी रजिस्टराच्या त्या पानाची पूर्ण नक्कल मागवली. ती बुधवारी सकाळी आली. तुरुंगात माणूस आला की त्याचं वर्णन लिहून घेतात. त्यात होतं : उंची पाच फूट तीन इंच. ओळखीची खूण, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर जुना घट्टा.

वकीलसाहेब सहा फुटांना इंचभर कमी होते. आमच्या कचेरीच्या दारातून येताना ते मान वाकवायचे.

मी हे सगळं एका कागदावर लिहून डायरेक्टरांकडे नेलं. डायरेक्टर म्हैसूरकडचे, सज्जन, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“तुरुंगात जेवण कमी मिळतं,” ते म्हणाले. “उंची कमी भरली असेल.”

मग ते म्हणाले, की मंत्र्यांना असलं विचारायचं नसतं. शाळेचं कार्ड काढून टाका, शाळा लहान आहे, तुरुंग मोठा आहे. शनिवारी मजकूर जाऊ दे.

मी जागेवर आले. शाळेचं कार्ड हातात घेतलं. ते काढायला हरकत नव्हती. पण मग माझ्याकडे एक खरी सही उरत होती, जिला जागा नव्हती. आणि एक पाच फूट तीन इंचांचा माणूस उरत होता, जो मी कुठेच लावू शकत नव्हते. मी दोन्ही कार्डं बाजूला ठेवली आणि डबा उघडला.

डबा संपायच्या आत शिपाई सांगायला आला, की बाहेर एक बाई बसल्या आहेत आणि “पुस्तक लिहिणाऱ्या मराठी अम्मा” कोण ते विचारताहेत.

बाई पन्नाशीच्या असतील. गडद हिरवं इरकली लुगडं, पायात जाड जोडवी, हातात कापडी पिशवी. चामराजपेटहून चालत आल्या होत्या. नाव अंबाबाई, पण त्यांना सगळे अंबक्का म्हणतात असं त्यांनीच सांगितलं. त्यांची मराठी आमच्या पुण्याच्या मराठीपेक्षा वेगळी होती. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी घरात बोलायची, बाकी सगळं कन्नडात.

“अक्का, स्वल्प ऐकून घ्या,” त्या म्हणाल्या. “वकिलांचं पुस्तक तुम्ही करताव म्हणं. त्यात आमच्या घरच्यांचं नाव घाला. तुरुंगात होते म्हणून. एवढंच.”

त्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा. मुलगी सुशीला, त्यांची एकुलती एक. मार्क चांगले, पण सरळ जागा मिळण्याइतके नाहीत. ‘पोलिटिकल सफरर’च्या मुलांसाठी काही जागा राखीव होत्या. पोलिटिकल सफरर म्हणजे स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास किंवा तसा त्रास भोगलेला माणूस. त्याला दाखला लागायचा. फॉर्म द्यायची शेवटची तारीख पुढचा सोमवार.

नवऱ्याचं नाव त्यांनी कृष्णोजीराव सांगितलं. शिंपी. दुकान चामराजपेटेतच. मी बेचाळीसच्या कैद्यांची यादी काढली. ती माझ्याकडे होतीच. दोनदा पाहिली. त्या नावाचं कुणी नव्हतं.

“यादीत नाव नाही, अंबक्का.”

“कसं असंल? वकिलांच्या नावानं गेले नव्हं का ते.”

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, म्हणजे वकिलांबरोबर का? त्या म्हणाल्या, बरोबर न्हवं, बदली. वकील माडीवर भाड्यानं राहात होते. पोलीस धरायला आले आणि ह्यांना धरून घेऊन गेले. ह्यांनी सांगितलं नाही, की मी वकील नव्हे म्हणून. नऊ महिने.

मी विचारलं, शेजाऱ्यांना माहीत होतं का?

“कुणालाच सांगायचं नाही म्हणून आतनं ह्यांची चिट्ठी आली. पेटेतले लोक म्हणाले, नवरा पळून गेला हिचा. मी काय म्हणणार? हो म्हणाले. परतून आले तेव्हा सासू म्हणाली, आता तरी नीट सांभाळ.”

त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. फॉर्मची घडी घालून पिशवीत ठेवली आणि नवऱ्याला मी आले होते हे सांगू नका, असं बजावून गेल्या.

त्या गेल्यावर मी रजिस्टराचं पान पुन्हा समोर घेतलं. उंची साहेबांची नव्हतीच, घट्टा शिंप्याचा होता. शाळेतली सहीही जुळली. तीन दिवसांचा गोंधळ पाच मिनिटांत सुटला आणि त्याच्या जागी मोठा गोंधळ येऊन बसला.

संध्याकाळी घरी जायच्या बसऐवजी मी चामराजपेटेची बस घेतली. मला ब्लाउज शिवायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं. पण हे दुकान पुरुषांच्या कपड्यांचं निघालं. एक खण, एक मशीन, भिंतीला अर्धवट शिवलेले कोट. कृष्णोजीराव ठेंगणे, टक्कल पडलेले. कापड हातात होतं आणि मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ती पितळी टोपी. मी बोटाकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

“आमची आली होती काय तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले नाही. त्यांनी मागच्या पडद्याकडे पाहून कन्नडात काहीतरी म्हटलं. पडद्यामागून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी मला स्टूल दिलं.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. वकील चळवळीत होते, पत्रकं लिहायचे. कृष्णोजीराव ती पत्रकं कोटांच्या अस्तरात शिवून पोचवायचे. त्या दिवशी वकील पहाटेच निसटले होते. कृष्णोजीराव वकिलांचा नवा काळा कोट अंगावर चढवून खांद्याची शिलाई बघत होते. पोलीस आले. त्यांच्याकडे वॉरंट होतं, फोटो नव्हता. समोर काळा कोट दिसला. “चला वकीलसाहेब,” म्हणाले.

“कोट मला गुडघ्यापर्यंत येत होता,” कृष्णोजीराव म्हणाले. “एकानंही बघितलं नाही. त्या खात्यात कपड्याची जाण कुणालाच नाही.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत वकिलाला पकडलं असतं. वॉरंट एकदा बजावलं की शोध बंद होतो. तो बाहेर राहून चार कामं करणार. मी बाहेर राहून काय करणार, खिसे लावणार?”

तेव्हा खटला न चालवताच लोकांना आत ठेवत, म्हणून कोर्टात ओळखलं जायचा प्रश्न आला नाही. तिकडे वकील आपल्या जिल्ह्यात गेले. तो वेगळ्या इलाख्यात होता, तिथे त्यांच्या नावाचं वॉरंट नव्हतं. त्यांनी शाळा काढली, बैठका घेतल्या, निर्धास्तपणे सह्या केल्या. माझी दोन्ही कार्डं बरोबर होती. फक्त एका कार्डावर माणूस दुसरा होता.

पुढचं मात्र मला समजेना. दाखला नसलेले खरे कैदी बरेच होते. चळवळीत खोटी नावं सांगायची पद्धतच होती. अशांसाठी नियम होता : त्याच तुरुंगात असलेल्या आणि आता आमदार किंवा मंत्री असलेल्या माणसानं ‘हा माझ्याबरोबर आत होता’ असं लिहून दिलं की चालतं. त्याला को-प्रिझनर सर्टिफिकेट म्हणत. वकीलसाहेबांनी अशी खूप दिली होती. मी कृष्णोजीरावांना विचारलं, साहेब स्वतः आत नव्हते, मग बरोबर कोण होतं हे त्यांना कसं कळायचं?

“मला विचारून घेतात,” ते म्हणाले.

साहेबांचा पी. ए. अर्ज घेऊन दुकानात यायचा. कृष्णोजीराव नाव वाचून सांगायचे, हा होता, हा नव्हता, हा होता पण दुसऱ्या बराकीत. त्यांच्या होकारावर साहेब सही करायचे. पंधरा वर्षं हे चाललं होतं. एकही खोटा माणूस त्यांनी आत घेतला नव्हता, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

“आणि तुमचा स्वतःचा?”

“मी मागितला नाही. त्यानं विचारलं नाही. मित्राला काय मागायचं, अक्का, की तू तुरुंगात नव्हतास ते लिहून दे?”

पडद्याआडून अंबक्का बाहेर आल्या. हातात कॉफीचा लोटा होता. माझ्यासमोर ठेवत त्या नवऱ्याला म्हणाल्या, “कोटाचं माप घेताना त्याचा खांदा धरता की नाही? तेव्हा तोंड उघडायला काय झालं?”

कृष्णोजीरावांनी सुईत दोरा ओवला. सुशीलाच्या फॉर्मबद्दल मी विचारलं तेव्हा फक्त एवढं म्हणाले, की मी आत होतो एवढं कुणी लिहून दिलं तर बरं. कुणाच्या नावानं ते नको.

गुरुवारी मी डायरेक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग पी. ए.कडून सर्टिफिकेटांचं रजिस्टर मागवलं आणि मला मोजायला लावलं. एक्केचाळीस निघाली. एक्केचाळीस माणसांचे दाखले, कुणाच्या मुलांच्या शाळा, कुणाच्या नोकऱ्या, सगळं ‘मी त्यांच्याबरोबर होतो’ या एका वाक्यावर उभं होतं. आणि ते वाक्य लिहिणारा माणूस त्या वेळी शाळेच्या कमिटीत बसला होता.

“हे एक्केचाळीस लोक खरे आहेत ना?” डायरेक्टरांनी विचारलं.

“सगळे.”

“आणि सर्टिफिकेटं खोटी.”

“हो.”

“यांना माहीत असेल, की साहेब आत नव्हते.”

मी हा विचार केला नव्हता. पण ते उघड होतं. त्या बराकीत नऊ महिने ज्या बुटक्या माणसाला ते वकील म्हणून हाक मारत होते, तो मंत्री झाला नाही हे त्यांना दिसतच होतं. एक्केचाळीस जणांना माहीत होतं, त्यांच्या घरच्यांना माहीत असणार, चामराजपेटेतल्या एका गल्लीला माहीत असणार. सरकारला तेवढं माहीत नव्हतं. आणि सरकारतर्फे ते माहीत करून घेण्याचं काम माझं होतं.

डायरेक्टर म्हणाले, ते रजिस्टराचं पान मला मिळालंच नाही असं समजा. मी म्हटलं, आवक वहीत नोंद आहे, नंबर पडला आहे. त्यांनी आवक वही मागवून नंबर स्वतः पाहिला. शेवटी म्हणाले, तुम्ही मराठी बोलता, ते मराठी बोलतात, तुम्हीच जाऊन या. आणि कुणी विचारलं तर मी त्या दिवशी रजेवर होतो.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी साहेबांच्या बंगल्यावर गेले. व्हरांड्यात अर्ज घेऊन तीस-चाळीस माणसं बसलेली. मला आत बोलावलं. साहेब पेपर वाचत होते. मी मुद्दे लिहून नेले होते. पहिला मुद्दा उंचीचा होता, पण मला तो वाचवेना. मी दुसऱ्यापासून सुरुवात केली. शाळेचं मिनिट बुक.

“ती शाळा मीच काढली,” ते खुशीनं म्हणाले.

“त्याच महिन्यात आपण तुरुंगात होता, साहेब.”

“होतो की. तीन नंबरची बराक. दारात कडुनिंब. पाण्याची टाकी फुटकी होती, सकाळी रांग लावायला लागायची. एक वॉर्डर होता, तो शीळ घालायचा. आम्ही...”

ते थांबले. पेपर खाली ठेवला. माझ्या हातातला कागद त्यांनी मागितला नाही. मीही दिला नाही.

“कृष्णोजी आला होता का तुमच्याकडे?”

“नाही. मी गेले होते.”

त्यानंतर ते जे बोलले ते मी जमेल तसं लिहिते. सुटल्यावर कृष्णोजीराव आठ दिवस त्यांच्या गावी जाऊन राहिले होते. रात्रंदिवस तेच सांगत होते, बराक कशी, भाकरी कशी, कोण घोरतं, कोण गातो. पुढे पहिल्या निवडणुकीत एका सभेत अध्यक्षांनी यांची ओळख करून देताना नऊ महिन्यांच्या तुरुंगवासाचा उल्लेख केला. कागदावर तसंच होतं. माईक हातात आल्यावर दुरुस्ती करायची यांच्या मनात होती. समोर चार हजार माणसं टाळ्या वाजवत होती. पुढच्या सभेत दुरुस्ती करू असं ठरवलं. पुढच्या सभेत त्यांनी कडुनिंबाची गोष्ट सांगितली.

“बाई, तुम्हाला खरं सांगतो,” ते म्हणाले, “त्या टाकीच्या पाण्याची चव माझ्या तोंडात आहे. कधी कधी मलाच समजत नाही, तो आत होता की मी.”

इतका मोठा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याचं आयुष्य माझ्या कार्डांत लावून ठेवलं आहे आणि मी काढून दाखवीन. म्हणून मी यादीतला पुढचा मुद्दा वाचला. सुशीलाचा फॉर्म. सोमवार.

फॉर्मबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. मुलगी एवढी मोठी झाली हेही माहीत नव्हतं. महिन्यापूर्वीच कृष्णोजीरावांनी त्यांचं सत्काराच्या शेरवानीचं माप घेतलं होतं. ते उठले, टेबलाशी गेले, पेन काढलं.

“मी लिहून देतो. बेचाळीस साली माझ्या नावावर जो माणूस आत गेला तो कृष्णोजी. मी नव्हतो. ग्रंथातही हेच छापा.”

ते खरंच लिहायला लागले होते. माझं तिथेच थांबणं योग्य झालं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण माझा स्वभाव मुद्दा अर्धा सोडण्याचा नाही. मी म्हटलं, “साहेब, मग त्या एक्केचाळीस दाखल्यांचं काय?”

पेन थांबलं.

आपण आत नव्हता हे कागदावर आलं, की आपण दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट रद्द. ती माणसं खरी आहेत, पण ते सिद्ध करणारा त्या बराकीतला दुसरा कुणी आमदार किंवा मंत्री नाही. आणि कृष्णोजीरावांनाही त्याचा उपयोग नाही. नियम को-प्रिझनरचा आहे. आत नसलेल्या माणसाचं म्हणणं त्यात बसत नाही. हे सगळं मी एका दमात सांगितलं. फाईलीवर टिपण लिहावं तसं.

साहेबांनी विचारलं, “मग कशात बसतं?”

कशात बसतं ते मला माहीत होतं. छापील मसुदा माझ्या पर्समध्ये होता. मी तो रिकाम्या जागा भरून आणला होता. ‘प्रमाणित करतो की, श्री. कृष्णोजीराव हे सन बेचाळीसमध्ये माझ्याबरोबर त्याच बराकीत होते.’

त्यांनी तो तीनदा वाचला. मग विचारलं, “यात खरं काय आहे, बाई?”

“ते होते, एवढं.”

त्यांनी सही केली. ते चहा घ्यायला थांबवत होते. मी ऑफिसला उशीर होतो म्हणून निघाले.

शनिवारी दुपारी मी सही झालेलं सर्टिफिकेट घेऊन दुकानात गेले. सर्टिफिकेटाबरोबर अर्जदाराचा स्वतःचा फॉर्म जोडावा लागायचा. सुशीलानं तिच्या सुरेख अक्षरात बराचसा भरून ठेवला होता. वडिलांना विचारायचे चार-पाच रकाने राहिले होते. ती विचारत गेली, ते सांगत गेले. तुरुंग कुठला, बराक कुठली, कधीपासून कधीपर्यंत. ते मशीनवरून न उठता सांगत होते. आवाज खणखणीत होता. त्या घरात हे पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं जात होतं असं मला वाटलं. अंबक्का उंबऱ्यावर बसून होत्या आणि रस्त्यावरच्यांनाही ऐकू जावं म्हणून दार उघडं ठेवलं होतं.

“कैदी नंबर?” सुशीलानं विचारलं.

त्यांनी नंबर सांगितला. एका क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, नऊ महिने वॉर्डरची हाकच ती होती, मरताना नाव विसरीन पण हे विसरणार नाही.

तो नंबर मला पाठ होता. तो साहेबांच्या कार्डावर होता. सरकारी रजिस्टरात त्या नंबरापुढे साहेबांचं नाव होतं, आणि एका नंबरावर दोन माणसं दिसली, की कुणीतरी माझ्यासारखंच कार्डं लावायला बसणार.

मी सुशीलाला म्हटलं, थांब, तो लिहू नको.

मग मला ते समजावून सांगावं लागलं. मी शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं. कृष्णोजीरावांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“मग काय लिहायचं?”

“आठवत नाही, असं लिहितात. बरेच जण लिहितात.”

“मला आठवतो.”

“हो.”

ते उठून बाहेर गेले. समोरच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले. सुशीला म्हणाली, नको अप्पांना त्रास, मी बी.एस्सी. करीन. अंबक्का तिला म्हणाल्या, गप बस. मग त्या स्वतः उठल्या, रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेल्या आणि काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. दोघं परत आले. कृष्णोजीरावांनी मुलीच्या हातातून पेन घेतलं. त्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, कन्नडात, मोठ्या अक्षरांत : आठवत नाही. मग अंगुस्तान बोटातून काढून खिशात टाकलं आणि त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

सोमवारी फॉर्म गेला. सुशीलाला जागा मिळाली.

गौरवग्रंथाचं असं झालं. मी तुरुंगाची ओळ गाळली होती. त्याऐवजी ‘बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून काम केलं’ असं लिहिलं होतं. ते खरं होतं आणि कुणाला खटकण्यासारखंही नव्हतं. पण प्रूफ आलं तेव्हा डायरेक्टरांनी ती ओळ खोडून तिथे नऊ महिन्यांचा तुरुंगवास परत घातला. मी विचारायला गेले. ते म्हणाले, गेल्याच आठवड्यात साहेबांनी बराकीत होतो म्हणून सही केली आहे. सरकारी सर्टिफिकेट आणि सरकारी ग्रंथ यांत फरक पडून कसं चालेल? ते सर्टिफिकेट मीच भरून नेलं होतं.

वकीलसाहेब त्यानंतर तुरुंगाविषयी कुठल्याही सभेत बोलले नाहीत. निदान माझ्याकडे आलेल्या कात्रणांत तसं दिसत नाही. एका वार्ताहरानं लिहिलं, की साहेब आपल्या त्यागाचा उल्लेखही करत नाहीत, इतके ते विनम्र आहेत. कात्रण आलं, म्हणून त्याचंही कार्ड मला करावं लागलं.

आमच्या कचेरीत नवीन माणूस आला, की मी त्याला एवढंच सांगते : सर्टिफिकेट आलं, की कुणाला दिलं आणि कुणी दिलं हे सगळेच बघतात; देणाऱ्याला ते कुणी सांगितलं हे विचारावं, आणि लिहून ठेवावं. त्यासाठी मी कार्डावर एक जादा रकाना आखून घेतला आहे. बहुतेक कार्डांवर तो रिकामा राहतो. साहेबांच्या तुरुंगवासाच्या कार्डावर मी तो पेन्सिलीनं भरला आहे : कृष्णोजीराव, शिंपी.